दा नांगला जहाज लागलं की चाम शिल्पसंग्रहालय कसं पाहावं: विदर्भातल्या गावांतून क्रूझला निघणाऱ्यांसाठी

सिंगापूर किंवा हाँगकाँगहून सुटणाऱ्या बऱ्याच क्रूझ वाटेत व्हिएतनामच्या दा नांगला एक दिवस थांबतात. पुसद, हिंगणघाट, मेहकर, ब्रह्मपुरीकडून आता शेतकऱ्यांचे, निवृत्त शिक्षकांचे गट अशा क्रूझला जाऊ लागलेत. दा नांगच्या दिवशी त्यांना बहुतेक वेळा एक समुद्रकिनारा, एक संगमरवरी मूर्तींचं दुकान आणि एक मॉल दाखवून परत आणलं जातं. त्याच शहरात चाम शिल्पांचा, म्हणजे मध्य व्हिएतनाममधल्या जुन्या चंपा राज्याच्या चाम लोकांनी घडवलेल्या शिल्पांचा, जगातला सर्वांत मोठा संग्रह आहे. शिव, विष्णू, गणपती, बुद्ध, बौद्ध देवी तारा ही तिथली मंडळी आपल्या ओळखीची, फक्त चेहरे वेगळे. दीड तासात ते नीट बघून होतं. पण हा दीड तास हातात यायला तयारी गावातूनच करावी लागते.

१. आधी बंदर कोणतं ते विचारा

सगळ्यात मोठी फसगत इथे होते. माहितीपत्रकावर नुसतं ‘दा नांग’ छापलेलं असतं, पण जहाज दोनपैकी एका बंदराला लागतं.

तिएन सा: शहरालगतच्या सोन चा डोंगराच्या पायथ्याशी. संग्रहालय साधारण १० किमी, गाडीने वीस-पंचवीस मिनिटं.

चान माय: ह्यूए आणि दा नांगच्या मधोमध, लांग को गावाजवळ. इथून दा नांग साधारण ६० किमी. मध्ये हाय वान घाट आणि त्याखालचा सव्वासहा किलोमीटरचा बोगदा. एका बाजूने सव्वा ते दीड तास धरा.

एजंटला व्हॉट्सअॅपवर लेखी विचारा: “बंदराचं नाव काय? जहाज किती वाजता लागणार, परत चढायची शेवटची वेळ काय?” तोंडी उत्तरावर भिस्त ठेवू नका. तिएन सा असेल तर स्वतः टॅक्सी करून आरामात जाता येतं. चान माय असेल आणि मुक्काम आठ तासांपेक्षा कमी असेल, तर स्वतंत्र जाण्याचा हट्ट सोडा आणि संग्रहालय असलेली जहाजाचीच सहल घ्या. ती महाग पडते, पण तिची बस उशिरा आली तर जहाज थांबतं. तुमच्या टॅक्सीसाठी थांबत नाही.

२. महिना निवडताना शेतीचं आणि तिथलं, दोन्ही पंचांगं बघा

दा नांगचा पाऊस आपल्यासारखा मृगात येत नाही. तिथे सप्टेंबर ते डिसेंबर पावसाचे, त्यातही ऑक्टोबर-नोव्हेंबर वादळ-पुराचे. समुद्र खवळलेला असला तर कप्तान बंदर वगळून पुढे निघून जातो, आणि त्यापोटी मिळालीच तर बंदर-शुल्काएवढी किरकोळ रक्कम परत मिळते. म्हणजे दिवाळीच्या सुट्टीतली क्रूझ या एका गोष्टीसाठी जोखमीची. शिवाय तेव्हा घरी कापसाची वेचणी ऐन भरात असते.

तूर घरी आल्यावर आणि हरभरा सोंगायच्या आधी जी फट मिळते, ती हवेच्या दृष्टीनेही चांगली. फक्त व्हिएतनामी नववर्ष ‘तेत’ याच सुमारास येतं. २०२७ मध्ये ते ६ फेब्रुवारीला आहे. त्या आठवड्यात दुकानं, खानावळी बंद असतात आणि टॅक्सीही मुश्किलीने मिळते. संग्रहालय एरवी आठवड्याचे सातही दिवस सकाळी ७:३० ते सायंकाळी ५ उघडं असतं, पण तेतच्या दिवसांसाठी वेळ आधी तपासून घ्या. कापसाची उलंगवाडी झाल्यावर, म्हणजे शेवटची वेचणी संपल्यावर, मार्चमध्ये गेलात तर हा प्रश्नच येत नाही.

३. कागदपत्रं

- पासपोर्ट. प्रवास संपण्याच्या तारखेनंतर किमान सहा महिने वैध हवा. नागपूरचं पासपोर्ट सेवा केंद्र किंवा जिल्ह्याच्या टपाल कार्यालयातलं केंद्र, दोन्हीकडे चालतं. पोलीस पडताळणी तालुक्याच्या ठाण्यातून होते. तिथून बोलावणं येईल तेव्हा शेतावर असलात तरी जा, फाइल तिथेच अडकते.
- व्हिएतनामचा ई-व्हिसा. सरकारी संकेतस्थळावर एकदाच प्रवेशाचा २५ डॉलर, अनेकदा प्रवेशाचा ५० डॉलर. तीन कामाचे दिवस सांगतात, तुम्ही तीन आठवडे आधी भरा.
- जहाज सुटतं त्या ठिकाणचा परवाना. सिंगापूर असेल तर व्हिसा, आणि तोही अनेकदा प्रवेशाचा. जहाजाने बाहेर पडून परत येता ती दुसरी एंट्री धरली जाते. हाँगकाँग असेल तर भारतीयांसाठीची ऑनलाइन पूर्वनोंदणी. ती फुकट आहे.
- सिंगापूरचं डिजिटल आगमन कार्ड, पोचण्याच्या तीन दिवसांच्या आत भरायचं. हेही फुकट. पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं की ते दलालाचं समजा.
- प्रवास विमा, त्यात ‘जहाज चुकणे’ हे कलम आहे का ते वाचून.
- या सगळ्याच्या दोन-दोन छापील प्रती आणि चार पासपोर्ट फोटो.

ई-व्हिसात चुका तीन ठिकाणी होतात. पहिली नावात. आपल्या पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव ‘दिलेलं नाव’ या रकान्यातच असतं. फॉर्म भरणारा पोरगा ते गाळतो आणि पासपोर्ट-व्हिसाचा मेळ बसत नाही. पासपोर्टच्या फोटोपानावर तळाशी बाणांच्या खुणांच्या दोन ओळी असतात, नाव त्यातल्यासारखं अक्षर न् अक्षर भरा. आधारवर ‘पुंडलिकराव’ आणि पासपोर्टवर ‘पुंडलिक’ असेल तर पासपोर्टचंच धरा. दुसरी चूक प्रवेशाच्या ठिकाणात. यादीत विमानतळ वर असतात, घाईत दा नांग विमानतळ निवडला जातो. तुम्हाला समुद्री बंदर निवडायचंय, आणि जहाज व्हिएतनाममध्ये ज्या बंदराला पहिल्यांदा लागणार ते. तिसरी चूक तारखेत: जहाज पोचण्याची तारीख टाका, घरून निघण्याची नव्हे.

काही क्रूझ कंपन्या सगळ्या प्रवाशांसाठी उतरण्याचा सामूहिक परवाना काढतात आणि ‘व्हिसाची गरज नाही’ असं सांगतात. तो त्या दिवसापुरता चालतो. पण जहाज चुकलं तर त्या कागदावर तुम्ही देशातून विमानाने बाहेर पडू शकालच असं नाही. २५ डॉलर वाचवायची ही जागा नाही.

दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ चा शिक्का असतो. तो नोकरीसाठी काही ठरावीक देशांत जाणाऱ्यांसाठी आहे. फिरायला जाणाऱ्याने त्यासाठी कोणाला पैसे देऊ नयेत.

४. पिशवीत काय नको

खर्रा नागपूरलाच सोडा. मजेत घेऊ नका. चघळायचा तंबाखू, गुटखा सिंगापुरात आणणं हाच गुन्हा आहे, एक पुडी असली तरी. च्युइंगगमही नको. आणि जी गोष्ट कोणालाच सुचत नाही ती म्हणजे खसखस. तिथल्या अमली पदार्थांच्या कायद्यात ती बसते. आईने प्रेमाने करून दिलेल्या डिंकाच्या लाडवात ती असतेच, तेव्हा लाडू वळतानाच सांगा. अनारसेसुद्धा घरी.

घरचं उघडं खाणं जहाजावर चढताना बहुधा काढून घेतात, कंपनीचं सीलबंद पाकीट चालतं. दा नांगला उतरताना जहाजावरचं फळ, उकडलेलं अंडं, सँडविच सोबत घेऊन जाऊ नका. बंदरावर ते टाकायला लावतात.

उतरतानाची पिशवी लहान ठेवा: पाण्याची बाटली, छत्री, टोपी, औषधं, पॉवर बँक, कागदांच्या प्रती. चामडी चपला नव्या कोऱ्या घालू नका, दगडी फरशीवर दीड तास उभं राहायचंय.

५. निघण्याआधी घरच्या मूर्ती बघा

ही पायरी कोणी सांगत नाही आणि सगळ्यात जास्त फायदा हिचाच होतो. संग्रहालयातल्या पाट्या व्हिएतनामी, इंग्रजी आणि फ्रेंचमध्ये आहेत. मराठी-हिंदी काही नाही. पण मूर्तीच्या हातात काय आहे, पायाखाली कोण आहे, जानवं सुताचं की सापाचं, हे ओळखायला इंग्रजी लागत नाही. सराव लागतो, आणि तो विदर्भात फुकटात होतो.

नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजब बंगला, १८६३ सालापासून आहे. सोमवारी बंद. रामटेकच्या गडावर वाकाटक काळातला केवल नरसिंह आहे. पवनारला धाम नदीकाठी विनोबांच्या आश्रमात जमीन खणताना निघालेली शिल्पं भिंतींना लावलेली आहेत, त्यात भरतभेटीचा पट आहे. गडचिरोलीकडच्यांना मार्कंडा आहेच. यातलं एक ठिकाण अर्धा दिवस काढून बघा आणि प्रत्येक मूर्तीपुढे तीन प्रश्न विचारा: बसली आहे की उभी? हातात काय? वाहन कोणतं? दहा मूर्तींत नजर बसते.

काळाचा अंदाजही येतो. वाकाटक राजा प्रवरसेन दुसरा पाचव्या शतकात विदर्भावर राज्य करत होता. त्याच्या थोडं आधी, चौथ्या शतकाच्या शेवटाकडे, चंपा राज्याच्या भद्रवर्मन राजाने दा नांगपासून साठ-सत्तर किलोमीटरवरच्या मी सन या ठिकाणी डोंगरवळणात भद्रेश्वर शिवाचं देऊळ उभारलं. त्याने लेखही संस्कृतातच कोरले. दा नांगच्या संग्रहालयातला मोठा भाग त्या आणि आसपासच्या ठिकाणांहून आला आहे.

६. आदल्या रात्री जहाजावर

रात्री खोलीत दुसऱ्या दिवसाचं पत्रक येतं किंवा अॅपवर दिसतं. त्यातल्या चार गोष्टी कागदावर उतरवा.

अ) परत चढायची वेळ. ही जहाज सुटण्याच्या वेळेच्या अर्धा ते एक तास आधीची असते. २४ तासांच्या घड्याळात छापतात: १६:३० म्हणजे साडेचार. याला साडेसहा वाचणारे दर गटात एक-दोघे निघतात.

ब) जहाजाची वेळ आणि व्हिएतनामची वेळ एकच आहे का. सिंगापूर-हाँगकाँग भारतापेक्षा अडीच तास पुढे, व्हिएतनाम दीड तास पुढे. काही जहाजं घड्याळ एक तास मागे घेतात, काही घेत नाहीत. घेतलं नसेल तर जहाजाचे साडेचार म्हणजे किनाऱ्यावरचे साडेतीन, आणि तुमचा मोबाइल किनाऱ्याला पोचताच आपोआप किनाऱ्याची वेळ दाखवू लागतो. हातातलं साधं घड्याळ जहाजाच्या वेळेला लावा आणि दिवसभर त्याच्याकडेच बघा.

क) बंदरावरच्या स्थानिक एजंटचा फोन नंबर. पत्रकाचा फोटो नको, छापील पान खिशात.

ड) पासपोर्ट कोणाकडे. काही जहाजं तो जमा करून घेतात आणि उतरताना दुसरा कागद देतात. जहाजाचं कार्ड आणि तो कागद, दोन्ही गळ्यातल्या पाकिटात.

रिसेप्शनवरून एका चिठ्ठीवर संग्रहालयाचं नाव-पत्ता व्हिएतनामी भाषेत लिहून घ्या. उच्चार साधारण ‘बाओ तांग दिएउ खाक चाम’. पत्ता: ०२, दोन सप्टेंबर मार्ग. दोन सप्टेंबर हा त्यांचा राष्ट्रीय दिन. चिठ्ठी यासाठी की शहरात ‘दा नांग संग्रहालय’ नावाचं दुसरं, शहराच्या इतिहासाचं संग्रहालय आहे. नुसतं ‘म्युझियम’ म्हटलं की चालक तिकडे नेतो.

मोबाइलवर भाषांतराच्या अॅपमधली मराठी, इंग्रजी, व्हिएतनामी आणि दा नांगचा नकाशा नागपूर सोडण्याआधीच उतरवून ठेवा. समुद्रात असताना फोन विमान-मोडवर. जहाजाचं स्वतःचं मोबाइल नेटवर्क असतं आणि भारतातल्या रोमिंग पॅकमध्ये ते बहुधा धरलेलं नसतं. पोरांनी दोन व्हिडिओ पाठवले की बिल हजारात.

७. बंदरातून संग्रहालयापर्यंत

जहाज आठला लागलं तरी आठला उतरता येत नाही. कागदी सोपस्कार, मग जहाजाच्या सहलीवाले, मग बाकीचे. एक तास सोडून द्या.

बंदराच्या आत बाहेरच्या गाड्यांना सहसा सोडत नाहीत, तेव्हा गेटपर्यंत चालत किंवा जहाजाच्या बसने. गेटवर गराडा पडतो. “म्युझियम, मार्बल माउंटन, होई आन, सगळं शंभर डॉलर” असं कोणी म्हटलं तर हसून पुढे व्हा. दोन रस्ते बरे:

ग्रॅब हे टॅक्सी बोलावायचं अॅप. भाडं आधीच दिसतं, घासाघीस नाही. त्याची नोंदणी भारतातच करून ठेवा, कारण ओटीपी भारतीय सिमवर येतो आणि परदेशात तो वेळेवर येईलच असं नाही.

मीटरची टॅक्सी. माई लिन्हच्या हिरव्या गाड्या ओळखू येतात. मीटरवर शेवटची तीन शून्यं बहुधा नसतात: १४५ म्हणजे १,४५,००० डोंग. हे बघून घाबरू नका. हजार डोंग म्हणजे साधारण साडेतीन रुपये, म्हणजे हे भाडं पाचशेच्या आसपास झालं.

नोटांचा एक सापळा लक्षात ठेवा. २०,००० ची आणि ५,००,००० ची, दोन्ही नोटा निळसर आहेत. घाईत देताना सत्तर रुपयांच्या जागी पावणेदोन हजार जातात. पाच लाखाच्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवा आणि सायकलरिक्षावाल्याशी “फिफ्टी” वर सौदा करू नका, तो पन्नास हजार म्हणतोय की पाच लाख याचा वाद शेवटी होतो. कागदावर आकडा लिहून घ्या.

संग्रहालय हान नदीवरच्या ड्रॅगन पुलाच्या पश्चिम टोकाशी आहे. हा ६६६ मीटरचा पिवळा ड्रॅगन चुकणं शक्य नाही, त्यामुळे रस्ता हरवला तर पूल दाखवा. चौकात मोटारसायकलींचा लोंढा थांबत नाही. रस्ता ओलांडताना पळू नका, मधेच थबकूही नका. एकसारख्या संथ पावलांनी चालत राहा, ते वळसा घेतात.

८. आत काय बघायचं आणि कोणत्या क्रमाने

तिकीट ६०,००० डोंग, रोख डोंगमध्येच द्या. तिकीटखिडकीजवळ दालनांचा नकाशा असतो, त्याचा फोटो काढा. मांडलेली शिल्पं पाचशेच्या घरात आहेत. सगळी बघायला गेलात तर एकही आठवणार नाही. दालनांची नावं शिल्पं जिथून आली त्या गावांची आहेत. ही चार धरा.

मी सन. इंग्रजी पाटीवर ‘माय सन’ वाचल्यासारखं वाटेल. आँरी पार्मांतिए या फ्रेंच अभ्यासकाने तिथल्या देवळांच्या गटांना अक्षरं दिली, म्हणून पाट्यांवर ई-१, ई-५, सी-१ असं येतं. ई-१ चं वालुकाश्माचं पीठ, म्हणजे मूर्तीखालचा कोरीव चौथरा, आधी शोधा. त्यावर एके काळी शिवलिंग होतं. लोक समोरून फोटो काढून निघून जातात, पण खरी गंमत बाजूंच्या पट्ट्यांत आहे: वाद्यं वाजवणारे, शिष्याला शिकवणारे, रानात बसलेले तपस्वी. चारही बाजू फिरा. त्याच देवळाच्या दारावरचा पट म्हणजे शेषशायी विष्णू आणि नाभीतून निघालेल्या कमळावर ब्रह्मा. बुलढाण्याकडच्यांनी हा सावकाश बघावा. सिंदखेडराजाला २०२४ मध्ये जमिनीतून निघालेला शेषशायी डोळ्यांपुढे आणा आणि दोन्हींतल्या पायाकडच्या आकृतीची तुलना करा. तिथे लक्ष्मी पाय चेपते आहे. इथे कोण बसलंय?

ई-५ चा गणपती उभा आहे, सातव्या-आठव्या शतकातला, सोंड वाडग्यातल्या खाऊकडे गेलेली. आपल्याला बसलेल्या गणपतीची सवय असल्याने बरेच जण त्याच्यासमोरून ओळख न पटताच जातात.

त्रा किएउ. ही चंपाची जुनी राजधानी, संस्कृत नाव सिंहपूर. इथलं गोल पीठ हा संग्रहाचा मानबिंदू मानतात. खालच्या चौथऱ्यावर चार बाजूंनी कथा कोरली आहे. एका मतानुसार ही रामकथा: शिवधनुष्याचा भंग, मग सीतेचं लग्न. दुसऱ्या मतानुसार कृष्णकथा. अभ्यासकांत एकमत नाही, तेव्हा पाटी न वाचता आधी स्वतः लावून बघा. गटात कोणी कीर्तन ऐकत मोठं झालेलं असेल तर त्याला पुढे करा, इंग्रजी शिकलेल्या नातवापेक्षा त्याचं ऐकण्यासारखं असतं. इथल्याच दुसऱ्या पिठावरची नर्तकी, जिला सगळे अप्सरा म्हणतात, दहाव्या शतकातली.

डोंग दुओंग. विदर्भातून जाणाऱ्या अनेकांसाठी हेच दालन सगळ्यात जवळचं ठरेल. ८७५ मध्ये राजा दुसऱ्या इंद्रवर्मनने लक्ष्मींद्र-लोकेश्वराच्या नावाने मोठा बौद्ध विहार बांधला, त्याचे हे अवशेष. वेदीवर बुद्धचरित्रातले प्रसंग आहेत. मोठा बुद्ध मांडी घालून बसलेला नाही, सिंहासनावर पाय खाली सोडून बसलाय, हात गुडघ्यांवर. हे आसन अजिंठ्याच्या २६ व्या लेण्यातल्या स्तूपावरही दिसतं. जाड भिवया, रुंद नाक, मिशा हे इथल्या शैलीचं खास वळण आहे. द्वारपाल तर पुरुषभर उंचीपेक्षा मोठे.

याच गावातून १९७८ मध्ये काशाची तारा निघाली, सव्वा मीटरच्या आत-बाहेर उंच. सापडली तेव्हा तिच्या हातातलं कमळ आणि शंख तुटून वेगळे झाले आणि ते गावातच राहिले. २०२३ मध्ये ते संग्रहालयाकडे आले. समोर आहे ती मूळ मूर्ती की प्रतिकृती, हे पाटीवर बघून घ्या.

थाप माम. बाराव्या-तेराव्या शतकातलं. इथे गजसिंह आहे: डोकं हत्तीचं, धड सिंहाचं. चंद्रपूरच्या परकोटाच्या दरवाजांवर गोंड राजांचं चिन्ह आहे, त्यात सिंह हत्तीवर स्वार आहे. इथे दोघांचा मिळून एकच प्राणी झालाय. शिवाय मकर, गरुड, आणि पिठाभोवती स्तनांची सलग माळ कोरलेले दगड. पोरं हसतात, हसू द्या. चाम परंपरेत ती मातृशक्तीची खूण मानतात.

वेळेची वाटणी: मी सन ३० मिनिटं, त्रा किएउ २०, डोंग दुओंग २५, थाप माम १५. इमारतीकडेही एकदा बाहेरून बघा. फ्रेंचांनी १९१५ मध्ये काम सुरू केलं, १९१९ मध्ये ती उघडली.

मी सनची मूळ देवळं पाहायची इच्छा होईल. ती शहरापासून साठ-सत्तर किलोमीटरवर, डोंगरात आहेत. एका दिवसात संग्रहालय आणि मी सन दोन्ही फक्त तिएन साला लागलेल्या आणि संध्याकाळनंतर सुटणाऱ्या जहाजावरूनच जमतं. आपल्या पुरातत्त्व खात्याने तिथे अनेक वर्षं जतनाचं काम केलं आणि २०२० मध्ये एक अखंड वालुकाश्माचं शिवलिंग उजेडात आणलं, हे माहीत असूनही वेळ नसेल तर तो मोह आवरा.

९. देव दिसले तरी हे देऊळ नाही

लांबून हात जोडा, कोणी अडवत नाही. पण लिंगाला हात लावून तो कपाळाला लावू नका, नाणं ठेवू नका, कुंकवाची पुडी बाहेर काढू नका. वालुकाश्म सच्छिद्र असतो, हाताचं तेल-घाम त्यात मुरतो आणि तिथे काळा डाग बसतो. चपला काढायची गरज नाही. पिठावर टेकून फोटो काढणं ही आपल्या गटांची सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे, कारण ती पिठं बसायच्या ओट्यासारखी दिसतात. फ्लॅश बंद. फोटो काढताना आधी पाटीचा, मग मूर्तीचा काढा, नाहीतर घरी आल्यावर चाळीस अनोळखी दगड उरतात.

सगळीकडे एसी असेल असं धरून चालू नका. साठीच्या पुढच्यांना मधे एकदा बसवून पाणी द्या.

१०. जेवण

शाकाहारी असाल तर एक शब्द पाठ करा: ‘चाय’. व्हिएतनामीत त्याचा अर्थ शाकाहारी. चहा मागायला ‘चाय’ म्हणालात तर पालेभाजी येईल. पौर्णिमा-अमावास्येला तिथले बौद्ध लोक चाय जेवतात, त्यामुळे अशा खानावळी गल्लोगल्ली आहेत. साध्या खानावळीत “मांस नको” म्हणून भागत नाही. ‘नुओक माम’ हा मासे आंबवून केलेला खारट सॉस आमटीत, चटणीत, भाजीत सगळीकडे असतो. फक्त ‘चाय’ पाटीच्या खानावळीतच जा. तिखटाची सवय असेल तर सावजीची अपेक्षा ठेवू नका. मेजावर ताजी मिरची ठेवलेली असते, तेवढ्यावर भागवा.

११. परतीचं गणित

चढायच्या शेवटच्या वेळेतून उलटं मोजा. तिएन सा असेल तर संग्रहालयाच्या भागातून दीड तास आधी निघा. चान माय असेल तर तीन तास आधी. बोगद्यात एक ट्रक बंद पडला की पर्याय फक्त घाटाचा, आणि तो वळणावळणाचा वीसेक किलोमीटरचा रस्ता आहे.

दगडी मूर्ती घेतल्यात तर जहाजावर चढताना पिशवी यंत्रातून जाते. नवी दुकानातली मूर्ती चालते, पावती जवळ ठेवा. “जुनी आहे, देवळातली आहे” असं सांगून कोणी काही विकत असेल तर हात लावू नका. जुन्या वस्तू देशाबाहेर नेणं गुन्हा आहे.

एवढं करूनही जहाज सुटलंच, तर धक्क्यावर आरडाओरडा करण्यात वेळ घालवू नका. आधी पत्रकावरच्या एजंटला फोन करा. प्रवासी परतला नाही असं दिसलं की जहाजाचे लोक बहुधा त्याच्या खोलीतला पासपोर्ट एजंटकडे देऊन जातात. तो घ्या, विमा कंपनीला कळवा, आणि पुढच्या बंदरावर जहाज कधी लागतं ते विचारून त्या शहराचं विमान शोधा. ते बंदर दुसऱ्या देशात असेल तर तिथला व्हिसा आहे का ते तिकीट काढण्याआधी बघा. पासपोर्ट मिळालाच नाही तर भारताचा दूतावास हनोईत आहे आणि वाणिज्य दूतावास हो ची मिन्ह शहरात. कागदांच्या प्रती आणि चार फोटो पिशवीत असतील तर तिथलं काम लवकर होतं.